‘अपवादात्मक’ म्हणून बाजूला ठेवलेला खर्च वर्षात धरायचा का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वयाच्या ४८व्या वर्षी नोकरी सोडून तुम्ही दोघे पुण्याहून गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या मूळ घरी राहायला आलात. वर्षभर मोबाइलवरच्या ॲपमध्ये खर्च नोंदवलात, बेरीज ७ लाख २० हजार आली. छपराचे १ लाख ८० हजार, हॉस्पिटलचे विम्यातून न मिळालेले ६० हजार आणि भाचीच्या लग्नातले ५० हजार ‘अपवादात्मक’ म्हणून त्या बेरजेत धरले नाहीत. हाताशी २ कोटी १० लाख आहेत, म्हणजे खर्च साडेतीन टक्क्यांच्या आत बसतो. तर हाच आकडा धरून पुढे जावे का?

माझे मत विचाराल तर जाऊ नका. हे तिन्ही खर्च बेरजेत यायला हवेत, पण जसेच्या तसे नकोत. सगळे २ लाख ९० हजार सरळ मिळवले तर वर्ष १० लाख १० हजारांवर जाते, म्हणजे ४.८ टक्के, आणि तेही खरे चित्र नाही. खरा आकडा या दोहोंच्या मधे आहे आणि तो काढता येतो.

मी २०१३ साली नोकरी सोडून डिचोलीला येऊन राहिलो. तेव्हापासूनच्या वह्या माझ्याकडे आहेत, आणि त्यांत एकही वर्ष असे नाही की ज्यात ‘यंदापुरता’ खर्च निघाला नाही. कधी विहिरीवरचा पंप जळाला, कधी आईच्या डोळ्याचे ऑपरेशन आले, एका पावसात चिऱ्यांचा गडगा रस्त्यावर कोसळला. कारण दर वर्षी नवे, पण खर्च ठरलेला. नोकरीत असताना हे जाणवत नाही. बोनस येतो, थकबाकी मिळते, रजेचे पैसे येतात आणि ते निभावून जाते. पगार थांबला की हे सगळे मुद्दलातून जाते, म्हणून पन्नाशीच्या आत निवृत्त झालेल्या माणसाने हा भाग सर्वांत बारकाईने मांडायला हवा.

ॲपमधली किराणा, दूध, भाजी, औषधे ही बारीक वर्गवारी पहिल्या वर्षी घराची सवय कळायला बरी. त्यानंतर तिच्यासाठी एवढा जीव काढायची गरज नाही. मी तीनच भाग ठेवतो: महिन्याला येणारे, वर्षाला येणारे आणि काही वर्षांनी येणारे. पहिले दोन आपसूक नोंदले जातात. घोळ होतो तो तिसऱ्यात.

तुमचेच आकडे घेऊन बघू. छपराचे वासे आणि रिपा बदलून मंगळुरी नळे पुन्हा घातले, असे तुम्ही लिहिले आहे. दर मे महिन्यात फुटके नळे बदलत राहिलात तर एवढे मोठे काम १२ वर्षे तरी पुन्हा निघू नये. म्हणजे वर्षाला १५ हजार. तुमच्या यादीत गाडी फक्त पेट्रोल आणि विम्यापुरती दिसते. ९ लाखांची गाडी १२ वर्षे वापरायची म्हटली तर वर्षाला ७५ हजार धरायला हवेत, कारण आतल्या वाड्यावर राहून गाडीशिवाय भागत नाही आणि ही संपली की दुसरी घ्यावीच लागेल. फ्रीज, वॉशिंग मशीन, पंप, इन्व्हर्टरची बॅटरी मिळून २५ हजार. घराचा रंग आपल्याकडच्या पावसात चार-पाच वर्षांत शेवाळतो, त्याचे २५ हजार.

लग्नाचे ५० हजार मात्र भागू नका, पूर्ण धरा. यंदा भाची, पुढल्या वर्षी कुणाची मुंज, त्याच्या पुढे देवस्थानच्या जीर्णोद्धाराची वर्गणी. एकत्र मूळ घरात चवथीची (गणेश चतुर्थीची) पाळी भावाभावांत फिरत असेल तर पाळीच्या वर्षाचा खर्चही याच खात्यात येतो. अधिक महिनाही असाच. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ; जावई असलेल्या घराला तिसऱ्या वर्षी येणारे हे वाण आधीपासून ठाऊक असते. हॉस्पिटलच्या खर्चाला वर्षांनी भागता येत नाही, तेव्हा सध्या वर्षाला ४० हजार धरा. ज्या वर्षी लागले नाहीत त्या वर्षी ते वेगळ्या एफडीत साठू द्या आणि दर वर्षी ही रक्कम थोडी वाढवत न्या.

हे सारे मिळून २ लाख ३० हजार होतात. म्हणजे तुमचे वर्ष ७ लाख २० हजारांचे नसून साडेनऊ लाखांचे आहे. २ कोटी १० लाखांवर ते साडेचार टक्के पडते.

हे जास्त आहे असे मला का वाटते तेही सांगतो. सगळीकडे ज्याचा दाखला दिला जातो तो चार टक्क्यांचा नियम विल्यम बेंगेन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९४ साली मांडला. पहिल्या वर्षी चार टक्के काढायचे आणि पुढे तीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यायची. हिशोब अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावरचा, आणि ३० वर्षांच्या निवृत्तीसाठीचा. तुम्ही ४८ वर्षांचे आहात. नव्वदीपर्यंत पैसे पुरवायचे तर ४२ वर्षे होतात, शिवाय महागाई आपल्याकडची. ६ टक्के महागाईने खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे साठीला तुम्हाला याच राहणीसाठी वर्षाला १९ लाख लागतील. मी स्वतः साडेतीन टक्क्यांच्या वर जात नाही. तुमच्यासाठी ते ७ लाख ३५ हजार होतात.

आता ७ लाख २० हजार ही मूळ बेरीज तरी पूर्ण आहे का, ते तपासा. ॲपमध्ये टाकायचे राहून गेलेले ॲप दाखवणार नाही, बँक दाखवते. १ एप्रिलला सगळ्या बचत खात्यांत मिळून किती होते ते लिहा. वर्षभरात बाहेरून आलेले सगळे त्यात मिळवा: म्युच्युअल फंडातून काढलेले, व्याज, भाडे, बागेचे पैसे. त्यातून नव्या गुंतवणुकीत टाकलेले आणि ३१ मार्चची शिल्लक वजा करा. उरते तो खर्च. समजा सुरुवातीला ३ लाख ४० हजार होते, फंडातून ९ लाख काढले, व्याज ६० हजार आणि बागेचे ५० हजार आले. एकूण साडेतेरा लाख. एक लाखाची एफडी केली आणि शेवटी १ लाख ९० हजार उरले, तर १० लाख ६० हजार खर्च झाले. ॲप मोठ्या खर्चांसकट १० लाख १० हजार म्हणत असेल तर ५० हजार नोंदायचे राहिले. क्रेडिट कार्डाचे देणे बाकी असेल तर दोन्ही टोकांना शिल्लकेतून वजा करा, म्हणजे घोटाळा होत नाही. हे एका संध्याकाळचे काम आहे, आणि वर्षभराच्या नोंदींपेक्षा माझा याच आकड्यावर जास्त विश्वास आहे.

रोख रकमेचे म्हणाल तर एटीएममधून काढली त्याच दिवशी ती खर्च झाली असे धरा. पोदेराचे (पाववाल्याचे) पाव, बाजारातली मासळी, रस्त्याकडेला बसलेल्या बायांकडची गावठी भाजी, नारळ काढणाऱ्या पाडेल्याची मजुरी, हे वेगवेगळे लिहीत बसलात तर दोन महिन्यांत कंटाळून सगळेच सोडाल.

महिन्याच्या सरासरीवरून काही ठरवू नका, निदान गोव्यात तरी. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी असते: मिरच्या, सोलां (आमसुले), सुकी मासळी, कांदे. त्याच महिन्यात नळे, ताडपत्री, झाडांच्या फांद्या छाटणे. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारी बंदी, तेव्हा ताजी मासळी मिळाली तरी महाग. मग श्रावणात बऱ्याच घरांत मासळी बंद, आणि लगेच चवथ, म्हणजे माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळा-पानांची सजावट), नेवऱ्या (करंज्या), कपडे, पाहुणे. एका महिन्यात १ लाख आणि दुसऱ्यात ३८ हजार, यात काळजीचे काही नाही. एप्रिल ते मार्च हे वर्ष धरले की पावसाळ्याची तयारी आणि चवथ दोन्ही एकाच वर्षात येतात, आणि आयकरालाही तेच वर्ष सोयीचे.

कुळागराचे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेचे, उत्पन्न तुम्ही खर्चातून वजा केले आहे, ते कृपया सुटे करा. सुपारी आणि नारळाचे पैसे एका बाजूला, मजुरी, पंपाची वीज, खत, कोळेरोगासाठी (सुपारीची फळे कुजवणारा बुरशीचा रोग) पावसाआधीची आणि पावसातली बोर्डो मिश्रणाची फवारणी दुसऱ्या बाजूला. नुसते निव्वळ ५० हजार लिहिले की ज्या वर्षी सुपारीचा भाव पडेल किंवा बागेत कोळेरोग पसरेल त्या वर्षी घरखर्च वाढल्यासारखा दिसेल आणि तुम्ही नको तिथे काटछाट कराल. घरी खाल्लेल्या नारळांची किंमत लावायची गरज नाही.

कर हाही खर्चच आहे. बँक टीडीएस कापून व्याज देते, तेव्हा हातात आलेले व्याज लिहिलेत तर कर दिसतच नाही. पूर्ण व्याज उत्पन्नात आणि कापलेला कर खर्चात दाखवा. कापलेला कर वजा जाता वर्षाचे देणे १० हजार किंवा जास्त उरत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरच्यांना त्यातून सूट आहे, आपल्यासारख्यांना नाही. १५ मार्च ही शेवटच्या हप्त्याची तारीख वहीत लिहून ठेवा.

विमा बंद करण्याचा विचार तुम्ही बोलून दाखवला आहे, तो सोडा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य योजनेसाठी गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते, ते तुमचे अजून नाही. आणि पाच वर्षांनी मिळाली तरी तिघांपर्यंतच्या कुटुंबाला तिची मर्यादा अडीच लाखांची. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, त्यामुळे जुन्या वर्षांच्या हप्त्याशी तुलना करताना कर वगळून आकडा घ्या. नाहीतर हप्ता खरोखर किती वाढला ते कळणार नाही.

उरला साडेनऊ लाख आणि ७ लाख ३५ हजारांमधला फरक, सुमारे २ लाख १५ हजार. यासाठी ताटातले कमी करू नका, आणि डिसेंबरात येणाऱ्या पाहुण्यांच्या जेवणाचा हिशोबही घरात काढू नका. तो आपल्या इथे राहण्यातला आनंद आहे, त्याचे खाते वेगळे ठेवा आणि मोकळ्या हाताने खर्च करा. त्यापेक्षा गाडी १५ वर्षे चालवा, पुढची लहान घ्या. तुम्ही दोघेही अजून कामाच्या वयात आहात. पुढली सात-आठ वर्षे आठवड्यातले दोन दिवस शिकवणी, लेखापरीक्षण किंवा जुन्या कंपनीचे सल्ल्याचे काम मिळाले तर फरकाचा मोठा भाग तिथूनच सुटेल आणि मुद्दलाला तेवढा काळ हात कमी लागेल.

३१ मार्चला बँकेच्या शिलकीवरून आलेला खर्चाचा आकडा, कुळागराची जमा आणि खर्च सुटे, आणि काही वर्षांनी येणाऱ्या खर्चांची यादी त्यांच्या वर्षांसकट इथे टाका. गुंतवणुकीत शेअर किती आणि ठेवी किती तेही लिहा, तुम्ही ते दिलेले नाही. त्यावरून पैसे कुठल्या क्रमाने काढायचे ते बघू.