रात्री तीन वाजता भरणारी टाकी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कर्वेनगरला राहतो, वय ७१. आमच्या कमोडची फ्लशची टाकी रात्री आपोआप भरते. कोणी संडासात गेलेलं नसतं, तरी अडीच-तीनच्या सुमाराला मिनिटभर सुर्र असा आवाज येतो आणि बंद होतो. बायको म्हणते, घरात काहीतरी आहे. प्लंबरला बोलावलं, तर त्याने झाकण उचलून आत एकदा पाहिलं आणि ‘काका, पूर्ण सेट बदला’ म्हणाला. खरंच सगळं बदलावं लागेल का? पाना-पक्कड मला धरता येते.
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : वहिनींना सांगा, घरात वॉशर आहे, दुसरं काही नाही.

रविवार पेठेत बोहरी आळीजवळ आमचं हार्डवेअरचं छोटं दुकान होतं. सासरे थकले तशी मी गल्ल्यावर बसायला लागले ती अठ्ठावीस वर्षं बसले. ‘ते फ्लशमधलं टोपीसारखं असतं ना, ते द्या’ असं म्हणत आलेल्या माणसाला नेमकं काय हवंय ते ओळखण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ‘पूर्ण सेट द्या’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारायचे, आवाज सारखा येतो की मधूनमधून? निम्मं निदान तिथेच व्हायचं. सासरे वैतागायचे, गिऱ्हाईक सेट मागतंय आणि तू त्याला वॉशर देतेस म्हणून.

टाकीतलं पाणी भांड्यात दोनच वाटांनी गळतं. बॉल कॉक, म्हणजे टाकीत पाणी सोडणारा तरंगत्या फुग्याचा नळ, नीट बंद झाला नाही, तर पाणी वर चढतं आणि मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून ओसंडून भांड्यात पडत राहतं. त्याला रात्र-दिवस नसतो, आवाज सारखा येतो. दुसरी वाट तळाची. फ्लशचा व्हॉल्व्ह जिथे बसतो तिथला रबरी वॉशर झिजला की खालून पाणी झिरपतं. टाकी हळूहळू उतरते, फुगा खाली येतो, बॉल कॉक उघडतो, टाकी भरते आणि पुन्हा शांतता. तुमचं दुखणं हे दुसरं. दिवसाही ते होतच असणार, पण कुकरच्या शिट्ट्यांत आणि टीव्हीच्या आवाजात कोणाला ऐकू येतंय?

तरी पाना उचलण्याआधी खात्री करून घ्या. टाकी भरली की कमोडशेजारच्या भिंतीवरचा अँगल कॉक बंद करा. झाकण काढून आतल्या बाजूला पाण्याच्या रेघेशी पेन्सिलीने खूण करा आणि अर्धा तास संडासाला बाहेरून कडी घाला, नाहीतर कोणीतरी जाऊन फ्लश करतंच. अर्ध्या तासाने पाणी खुणेखाली गेलं असेल, तर गळती तळाची. जोडीला टाकीत खायचा लाल रंग चमचाभर टाकला, तर भांड्यातल्या पाण्यात गुलाबी छटा उतरलेली दिसेल. कुंकू नको, ते विरघळत नाही आणि तळाशी गाळ होऊन बसतं. हे मी करून पाहिलेलं आहे.

किती पाणी जातंय हेही त्याच खुणेवरून कळतं. समजा टाकी आतून ४० सेंटीमीटर लांब आणि १५ सेंटीमीटर रुंद आहे. पाणी १ सेंटीमीटर उतरलं म्हणजे ६०० मिलिलिटर गेलं. अर्ध्या तासात तेवढं जात असेल, तर दिवसाला जवळजवळ २९ लिटर झालं. आणि उन्हाळ्यात खडकवासल्यात किती टीएमसी उरलंय ते आपण रोज पेपरात वाचत बसतो!

आता काम. अँगल कॉक बंदच ठेवा, फ्लश करून टाकी रिकामी करा, तळाशी उरलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या. झाकण चिनी मातीचं असेल तर ते जमिनीवर जुन्या टॉवेलवर आडवं ठेवा. बेसिनवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, कारण नुसतं झाकण सहसा मिळत नाही आणि त्याच्यापायी अख्खी टाकी घ्यावी लागते. बटणाच्या टाकीत मधला उंच व्हॉल्व्ह सहसा डावीकडे थोडा फिरवला की सुटून हातात येतो. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि खाचा कुठे आहेत ते टॉर्चने बघा.

व्हॉल्व्ह उलटा करा. तळाशी बांगडीसारखी रबराची चकती दिसेल, तोच वॉशर. तो बोटांनी दाबून बघा. चांगला वॉशर ताज्या पोळीच्या कडेसारखा लवतो, संपलेला शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा ताठ होतो. त्यावर गोल खाच पडलेली असते, आणि काळा रबर असेल तर बोटाला काजळासारखं काळं लागतं. तसं लागलं तर वॉशर बदलायचाच. नाही लागलं, तर टाकीच्या तळाशी हा वॉशर जिथे टेकतो त्या कडेवरून बोट गोल फिरवा. कुठेतरी मिठाच्या खड्यासारखं खरखरीत लागेल. ते क्षार. बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं त्या घरांत ते हटकून असतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून तासभर त्या कडेवर ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. संडास धुवायचं ॲसिड मात्र नको. ते रबर खातं, आणि घरातल्या ब्लीचशी गाठ पडली तर विषारी वायू होतो. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्याही रबराच्या वैरीच आहेत.

नुसते क्षार निघाल्याने काम भागलं, तर तुम्हाला एक पैसाही लागणार नाही. नाहीच भागलं, तर जुना वॉशर पिशवीत घालून दुकानात न्या. फोनमधला फोटो नको. फोटोत माप कळत नाही आणि हे वॉशर दिसायला सगळे भाऊ-भाऊ. चार मिलिमीटरचा फरक पडला, तरी संध्याकाळी तुम्ही पुन्हा दुकानाच्या पायरीवर. पूर्ण सेट लागतो तो प्लास्टिकचा व्हॉल्व्हच तडकला असेल किंवा बटण दाबल्यावर वर अडकून राहत असेल तर. तुमच्या प्लंबरला मी लबाड म्हणत नाही. वॉशर बदलायला त्याला तेवढाच वेळ जातो आणि हातात काही पडत नाही. त्याचंही पोट आहे.

एक महत्त्वाचं राहिलं, खरं तर ते आधीच लिहायला हवं होतं. अँगल कॉक गेली दहा वर्षं कोणी फिरवला नसेल, तर तो पहिल्या झटक्यात फिरणार नाही. त्याला पाना लावू नका. हाताने थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे, असा खेळवत खेळवत बंद करा. तुटला तर पाण्याचा फवारा थेट छताला लागतो. म्हणून आधी गच्चीवर जाऊन तुमच्या फ्लॅटचा कॉक कोणता ते बघून या. आमच्या सोसायटीत हे वॉचमनलाही माहीत नव्हतं. शेवटी एका रविवारी मी आणि सोसायटीतल्या आणखी एकीने एकेक कॉक बंद करून, खाली फोन लावून, कोणाचं पाणी गेलं ते विचारत तेलरंगाने नंबर घातले. दोन नंबर चुकले, ते अजून तसेच आहेत.

आणि टाकीखालचे, तसेच कनेक्शन पाइपचे (अँगल कॉकपासून टाकीपर्यंत जाणाऱ्या नळीचे) प्लास्टिकचे नट हातानेच आवळा. हात थांबला की फार तर पाव फेरा आणखी. पाणी अडवायचं काम रबर करतो, जोर करत नाही. हे मी शिकले ते आमच्या घरच्या गौरी जेवणाच्या आदल्या रात्री. टाकीखालच्या नटातून थेंब येत होता. दुकानदारीण ना मी, दुसऱ्या कोणाला कशाला बोलवू? पाना लावला, एकदा आवळला, थेंब कमी झाला. आणखी एकदा आवळला. ‘टक्’ असा बारीक आवाज आला, सुपारी फुटावी तसा. टाकीच्या तळापासून केसासारखी रेघ वर चढलेली दिसली आणि तिच्यातून पाणी फुटलं. दुसऱ्या दिवशी घरात बावीस माणसं जेवायला, आणि संडासाच्या दारात बादली आणि तांब्या. माझी नणंद अजून प्रत्येक गौरीला विचारते, ‘वहिनी, यंदा टाकी शाबूत आहे ना?’

प्रश्न : ताई, गुरुवारी पाणी बंद होतं. शुक्रवारी आलं तेव्हापासून आमच्या फ्लशच्या टाकीत सारखी बारीक धार चालू आहे. गुरुवारपर्यंत सगळं ठीक होतं. असं कसं होईल?
– एक गृहिणी, सहकारनगर

उत्तर : ‘शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल’ हे वाक्य पुण्यात राहणाऱ्याला पाठ असतं. पण ते पाणी सोबत काय आणतं हे कोणी छापत नाही. रिकाम्या झालेल्या पाइपांतून पाणी पुन्हा जोराने धावतं, तेव्हा आतला गंज आणि बारीक वाळू सुटते. ती आधी खालच्या टाकीत, मग गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून तुमच्या बॉल कॉकच्या तोंडात. वाळूचा एक कण अडकला तरी कॉक पुरता मिटत नाही. सोसायटीची टाकी धुतली की दुसऱ्या दिवशी तक्रारी येतात, त्या याच कारणाने.

झाकण काढा आणि फुगा हाताने हळूच वर उचला. धार थांबली, तर कॉक धडधाकट आहे, पाण्याची पातळी तेवढी जास्त लागली आहे. फुग्याचा स्क्रू फिरवून पाणी उभ्या नळीच्या तोंडाच्या दोन बोटं खाली थांबेल असं करा. पितळी दांडी असेल तर ती किंचित खाली वाकवा. फुगा उचलूनही धार थांबली नाही, तर कचरा अडकलाय किंवा आतला छोटा वॉशर गेलाय. अँगल कॉक बंद करा, कनेक्शन पाइप सोडा आणि त्याचं तोंड बादलीत धरून कॉक क्षणभर उघडा. बादलीत काय काय येतं ते बघाच. बॉल कॉकच्या तोंडाशी बऱ्याचदा करंगळीच्या पेराएवढी जाळी असते. ती चिमट्याने काढून धुवा आणि परत बसवा. ‘कटकट नको’ म्हणून फेकून देऊ नका, पुढच्या शुक्रवारी तीच उपयोगी पडणार आहे.

प्रश्न : आमच्या कमोडच्या बुडाशी पाणी साचतं. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल तुमच्यामुळेच आली. मिस्त्री म्हणतो, सगळी लादी काढून वॉटरप्रूफिंग करू. खर्च ऐकून झोप उडाली आहे. सोसायटी देईल का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : मिस्त्रीला दोन दिवस थांबवा.

कमोडच्या बुडाशी दिसणारं पाणी तिथूनच आलेलं असतं असं नाही. पाणी उतार शोधतं. टाकीच्या नटातून, कनेक्शन पाइपच्या टोकातून किंवा धुवायच्या जेट स्प्रेच्या नळीतून निघालेला थेंब चिनी मातीवरून गुपचूप ओघळतो आणि खाली जमतो. तेव्हा आधी सगळं कोरडं पुसा. कमोडभोवती वर्तमानपत्र अंथरा, आणि प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपरचा तुकडा गुंडाळून दोन तास फ्लश करू नका. टिश्यू ओला झाला तर चोर सापडला. बहुतेक वेळा तो जेट निघतो. लोक जेटचं बटण सोडून निघून जातात, मागचा कॉक बंद करत नाहीत. मग त्या पातळ नळीवर रात्रंदिवस दाब राहतो आणि एक दिवस ती फाटते. वापर झाला की कॉक बंद, एवढी सवय घरात सगळ्यांना लावा.

टिश्यू कोरडे राहिले, तर बुडाभोवती टाल्कम पावडर भुरभुरा आणि चार-पाच वेळा फ्लश करा. पावडरीत ओली रेघ उमटली, तर पाणी फक्त फ्लशच्या वेळी निसटतंय. म्हणजे कमोड जिथे खालच्या पाइपला जोडलाय तो सांधा सुटलाय. दोन्ही हातांनी कमोड हलवून बघा. किंचितही डुगडुगत असेल तर हेच. हे काम मात्र स्वतः करू नका. कमोड उचलून सांधा नव्याने भरून पुन्हा बसवावा लागतो, आणि तो दोन माणसांचा उद्योग आहे. काहीजण बुडाभोवती नुसतं व्हाइट सिमेंट थापून देतात. त्याने पाणी बाहेर दिसेनासं होतं आणि सगळं खाली काकूंकडे जातं. तुमच्याकडे कोणी असं थापून गेलं असेल, तर छताच्या ओलीचं मूळ कदाचित तिथेच असेल.

दोन्ही वेळा काही सापडलं नाही, तर दोन दिवस त्या संडास-बाथरूममध्ये पाणी अजिबात वापरू नका आणि रोज खाली जाऊन ओलीच्या कडेला पेन्सिलीने रेघ ओढा. ओल वाळायला वेळ लागतो, पण रेघेबाहेर पसरायची थांबली तर गळती तुमच्याकडची. पसरतच राहिली, तर बाहेरचा उभा पाइप किंवा भिंतीतली लाइन तपासायला सांगा.

खर्चाचं : राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च, कारण शोधून, ज्याच्या फ्लॅटमधून गळती आहे त्याने करायचा असतो. बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीची. म्हणून कारण आधी सापडायला हवं आणि ते दोघांच्या देखत सापडायला हवं. पावडर टाकाल तेव्हा खालच्या काकूंना वर बोलवा. त्यांना चहा द्या, बाथरूमच्या दारात स्टूल द्या आणि फ्लशचं बटण त्यांनाच दाबू द्या.