चौदा दिवसांचे ‘चाळीस दिवस’

प्रश्न असा आला आहे: ‘क्वारंटाइन’ म्हणजे मुळात चाळीस दिवस. मग ‘१४ दिवस क्वारंटाइन’ हे चूक नाही का? आणि मराठीत सरसकट ‘विलगीकरण’ म्हणावे का?

पहिल्याचे उत्तर, चूक नाही. आजी नातवाच्या चष्म्यालाही ‘चाळिशी’ म्हणते, तेव्हा नातवाचे वय कोणी काढत नाही. नाव आकड्यावरून पडते, पुढे आकडा गळतो.

गंमत म्हणजे ही पद्धत सुरू झाली तेव्हा दिवस चाळीस नव्हतेच. एड्रियाटिक समुद्राकाठचे, आजच्या क्रोएशियातले दुब्रोव्हनिक, तेव्हाचे रागूसा. जुलै १३७७ मध्ये तिथल्या महासभेने ठरवले, की प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने थेट शहरात शिरायचे नाही. आधी म्रकान बेटावर किंवा जवळच्या त्साव्तात गावी एक महिना काढायचा. मूळ लॅटिन आदेशात ‘शुद्ध होण्यासाठी’ असे म्हटले आहे. सोयर-सुतक माहीत असलेल्या आपल्या कानाला ते परके वाटू नये. शहराला तट होताच, पण रोग काही तट चढून येत नाही. तो उतारूंबरोबर, गाठोड्यांबरोबर राजरोस वेशीतून येतो. आणि व्यापारावर जगणाऱ्या गावाला वेस कायमची लावून घेणे परवडत नाही. पुढे १७व्या शतकात पूर्वेकडच्या प्लोचे वेशीबाहेर खास इमारतींची रांगच पुरी झाली, ‘लाझारेती’. तुर्की मुलखातून आलेले व्यापारी मालासकट तिथे थांबवत. त्या इमारती आजही उभ्या आहेत.

मुदत पुढे चाळीस दिवसांवर गेली आणि नाव पडले ते व्हेनिसच्या बोलीतल्या चाळिसावरून: ‘क्वारांतेना’. चाळीसच का, याची कारणे बायबलपासून वैद्यकापर्यंत नाना प्रकारची सांगतात. मला आपला बाळंतिणीचा सव्वा महिना आठवतो, पण तो निव्वळ योगायोग.

आता ‘विलगीकरण’. इथे मी थोडा हट्टी आहे. म्रकानवर थांबवले जाणारे आजारीच असत असे नाही. धडधाकट दिसणाऱ्यांनाही संशयापोटी थांबावे लागे. क्वारंटाइनचा गाभा तो संशय. रोग झाल्याचे कळल्यावर वेगळे ठेवणे निराळे, त्याला ‘विलगीकरण’ म्हणावे. संशयितासाठी ‘अलगीकरण’ हा शब्द आहे. २०२० मध्ये वर्तमानपत्रांनी दोन्हींची खिचडी केली, आणि गावाकडे लोक सरळ ‘कोरंटाईन’ म्हणून मोकळे झाले. शाळेत मुक्कामाला असलेल्या चाकरमान्याला ‘अलगीकरणात आहेस का’ असे विचारलेले मी तरी ऐकले नाही. ‘कोरंटाईन कधी सुटतंय?’ असेच विचारत.