‘प्रेशर’ वाढवलं की कमी ठेवलं? दाब, टेकू आणि चढ

प्रश्न असा आहे : काका न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर आहेत. डॉक्टर सकाळी म्हणाले, ‘प्रेशर जास्त जाऊ देत नाही आहोत’, आणि संध्याकाळी म्हणाले, ‘पीप वाढवलंय’. पीप म्हणजेही प्रेशरच, तर मग वाढवलं की कमी ठेवलं? आणि मराठीत म्हणायचं काय, दाब की दबाव?

सोपं आधी. दाब. दबाव माणसावर येतो : वरिष्ठांचा, घरच्यांचा. हवा, पाणी, रक्त यांचा असतो तो दाब. रक्तदाब म्हणतो तसाच हाही.

घोटाळा खरा पहिल्या भागात आहे. डॉक्टरांची दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या दाबांबद्दल बोलत आहेत आणि आपण दोन्हींना एकच शब्द लावतो. आत्याच्या वेळी अतिदक्षता विभागाबाहेर बसून मीही वहीत नुसतं ‘प्रेशर १०’, ‘प्रेशर २६’ असं लिहीत होतो आणि घाबरत होतो.

पीप म्हणजे श्वास बाहेर सोडून झाल्यावरही फुप्फुसात मुद्दाम शिल्लक ठेवलेला दाब. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, थोडी हवा आत असली की पुढचं सोपं. दुखावलेल्या फुप्फुसातले वायुकोश दर उच्छ्वासाला मिटले आणि दर श्वासाला ताणून उघडावे लागले, तर त्या उघडमिटीनेच आणखी इजा होते. म्हणून त्यांना आधार देऊन उघडं ठेवायचं. यासाठी मला ‘टेकू’ हाच शब्द आवडतो. पावसाळ्याआधी वाकलेल्या फांदीला देतो तोच.

दुसरा प्लॅटो. श्वास पूर्ण आत गेल्यावर यंत्र क्षणभर थांबवून मोजलेला दाब. याला ‘थांबदाब’ म्हणता येईल. तो साधारण ३० सेंटीमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. सेंटीमीटर पाण्याचे, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढा उंच पाण्याचा स्तंभ. या मर्यादेमागे २००० साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला ८६१ रुग्णांवरचा अभ्यास आहे. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे १२ मिलीलीटरऐवजी ६ मिलीलीटरचा छोटा श्वास दिला आणि थांबदाब ३०पर्यंत रोखला, तेव्हा मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. वजन काट्यावरचं नाही, उंचीवरून काढलेलं, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही.

तिसरा शब्द मात्र आपल्याला घडवावा लागेल : थांबदाबातून टेकू वजा केला की उरतो तो. इंग्रजीत ‘ड्रायव्हिंग प्रेशर’. ‘चालकदाब’ असं भाषांतर मला निर्जीव वाटतं. प्रत्येक श्वासाला दाब टेकूपासून जेवढा वर चढतो तेवढा हा आकडा, म्हणून ‘चढ’. २०१५पासून याकडे फार लक्ष दिलं जातं, आणि टेकू किती द्यायचा हे ठरवतानाही त्याची मदत होते. समजा टेकू १० आणि थांबदाब २६, तर चढ १६. श्वास तेवढाच ठेवून टेकू १४ केला आणि थांबदाब २७ झाला, तर चढ १३वर उतरला : मिटलेले कोश बहुधा उघडले. तोच ३३ झाला, तर चढ १९ : उघडे होते तेच जास्त ताणले जात आहेत, टेकू परत कमी करायचा. टेकू फार झाला तर रक्तदाबही उतरू शकतो, तेही बघतात.

आणखी एक विनंती. ‘फुप्फुसं निकामी झाली’ असं घरात कुणी म्हणू नका. या आजारात फुप्फुसाचा काही भाग हवा घेऊ शकत नाही, पण उरलेला चांगला असतो. तो लहान पडतो एवढंच, आणि सगळी काळजी त्यालाच जपण्यासाठी चाललेली असते. गुडघा दुखावतो तसं फुप्फुस ‘दुखावलं’ म्हणा.

उद्या डॉक्टरांना त्यांच्याच शब्दांत विचारा, ‘पीप किती, प्लॅटो किती?’ काका स्वतः श्वासाचा जोर लावत असतील तर प्लॅटो नीट मोजता येत नाही. तसं नसेल तर दोन्ही आकडे मिळतील, आणि वजाबाकी बाकावर बसूनही होते.