‘दिसून येते’ म्हणजे कोणाला?

मॅडम, तुम्ही म्हणता की एस.वाय.बी.ए.च्या ६८ मुलांचे निबंध ओळ न् ओळ तपासता, तरी पुढच्या महिन्यात त्याच चुका परत. मी तालुक्याच्या गावी २१ वर्षं मराठी शिकवतोय आणि पहिली आठ-नऊ वर्षं मीही हेच केलं. मुलं लाल शाईकडे बघतच नाहीत हो. गुण बघतात आणि वही मिटतात.

माझे डोळे एका मुलाने उघडले. विषय नेहमीचाच, पाणीटंचाई. त्याने लिहिलं होतं, ‘ग्रामीण भागात पाणीटंचाईची समस्या असलेली दिसून येते. स्त्रियांना विहीरीवर जावे लागते.’ मी ‘विहिरीवर’ अशी दुरुस्ती केली. मग सहज विचारलं, “दिसून येते म्हणजे कोणाला रे?” तर म्हणाला, “सर, टँकर आला की माय तव्यावरची भाकर तशीच टाकून हंडा घेऊन पळती. भाकर मीच उलथतो.” हे का नाही लिहिलंस? “असलं निबंधात चालतं का, सर?”

मेख इथे आहे. गाईड पाठ करून करून त्यांना वाटतं, लिहायची भाषा वेगळी आणि आपली वेगळी.

तेव्हापासून दर बुधवारी तासाची शेवटची २० मिनिटं राखून ठेवतो. फोन बॅगेत, हाताने एकच परिच्छेद, तोही स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर. मग शेजारच्याने तो मोठ्याने वाचायचा. लिहिणाऱ्याला वाचायला देऊ नका, तो गाळलेला शब्दही सवयीने भरून वाचतो. वाचणारा जिथे अडखळेल तिथे पेन्सिलची खूण. तुम्ही आठवड्याला १०-१२च वह्या घ्या आणि प्रत्येकीवर एकच प्रश्न लिहा: ‘कोण?’ किंवा ‘मग काय झालं?’ पुढच्या बुधवारी तोच परिच्छेद पुन्हा. हे पुन्हा लिहिणं गाळलंत तर बाकी सगळं फुकट.

शुद्धलेखन साफ प्रत करताना. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम (१९६२चे १४, १९७२चे ४) एकदम फळ्यावर उतरवू नका. आठवड्याला एक, तोही त्यांच्याच वहीतल्या शब्दांवरून: विहीर-विहिरीवर, फूल-फुलाला. कोणीतरी विचारेलच, मग ‘परीक्षेला’मधला री दीर्घ का? तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचा धडा त्या दिवशी घ्या. आणि ‘माय’ची ‘आई’ करू नका.

पहिल्या सत्रात गुण वाढतील असं समजू नका. उलट उत्तरं आखूड होतात आणि पानं मोजणारा परीक्षक भेटला तर मुलं तक्रार घेऊन येतात.

एक जपा. स्वतःचं लिहायला सांगितलं की घरातलं बरंच काही वहीत येतं. मी एकदा न बघताच एका मुलीचा परिच्छेद शेजारणीला वाचायला लावला. मुलगी पंधरा दिवस वर्गात आली नाही. आता ज्या पानाचा कोपरा दुमडलेला असेल, ते फक्त मी वाचतो.