भिंत बघून मशीन घ्या

प्रश्न : काका, आमचं घर आजोबांच्या वेळचं. भिंती जांभ्या दगडाच्या, वरून सिमेंटचा गिलावा. पुस्तकांच्या फळ्या, पडद्यांचे रॉड आणि सोप्यात दोन-चार फोटो लावायचेत. दोन भोकांसाठी खानापुराहून सुतार बोलवावा तर तो आठ-आठ दिवस येत नाही. तीन हजारांत बरं ड्रिल मशीन मिळेल का? एका दुकानदारानं ‘घेताय तर मोठं हॅमर मशीनच घ्या’ असं सांगितलंय.
— एक शिक्षिका, जांबोटी

उत्तर : ताई, तीन हजार पुरतात. आणि ते मोठं हॅमर मशीन अजिबात घेऊ नका.

त्या मशीनच्या आत दट्ट्या असतो. तो हवा दाबून बिटाच्या, म्हणजे भोक पाडणाऱ्या सळईच्या, पाठीवर घाव घालतो. स्लॅब, बीम, कॉलम अशा काँक्रीटच्या कामाला ते हवंच, तिथं साधं मशीन रडतं. पण तुमची भिंत जांभ्याची. जांभा खाणीतून निघतो तेव्हा हत्यारानं तासता येईल इतका मऊ असतो. हवा लागली की तो कडक होतो, तरी आतून सच्छिद्रच राहतो. त्याला असले घाव सोसत नाहीत. कडा ढासळतात, 8 मिलिमीटरचं भोक 12 चं होतं आणि स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी आत गरगर फिरते. मच्छेला आमच्या घरी मी एकदा ठेकेदाराचं तसलं मशीन मागून आणलं होतं. कॅलेंडरच्या एका खिळ्यापायी ताटाएवढा गिलावा खाली आला आणि गवंड्याची एक दिवसाची मजुरी गेली. उद्यमबागेतल्या कारखान्यात तेहेतीस वर्षं मी ओतीव लोखंडाला भोकं पाडली, पण भिंत आधी ओळखावी लागते हे त्या दिवशी कळलं.

तुम्ही 500 ते 600 वॅटचं, वायरचं ‘इम्पॅक्ट ड्रिल’ घ्या. ते फिरता फिरता हलके ठोकेही देतं, त्या ठोक्यांनाही हॅमरच म्हणतात. नावाजलेल्या कंपनीचं दोन ते तीन हजारांत येतं. वजन दीड-पावणेदोन किलो, त्यामुळे स्टुलावर उभं राहून एकटीनं धरता येतं. घरातला साधा सॉकेट पुरतो, कारण 600 वॅटचं मशीन 230 व्होल्टवर तीन अँपिअरसुद्धा ओढत नाही. बिट धरणारा चक 10 मिलिमीटरचा असला तरी तुमचं काम अडणार नाही. 13 चा मिळाला तर पुढंमागं जाड बिट लावता येईल, एवढंच.

दुकानात मशीन हातात घेऊन चालवून बघा. घोडा हलका दाबला की हळू आणि पूर्ण दाबला की जोरात फिरलं पाहिजे. उलटं फिरवायची सोय हवी, नाहीतर अडकलेलं बिट काढताना हाल होतात. आणि हॅमर बंद करायचा खटका हवा. लाकडाला, लोखंडाला, फरशीला हॅमर चालत नाही. तुमच्या जांभ्यालाही मी तो बंदच ठेवायला सांगेन. आधी नुसतं फिरवून बघा, मध्येच टणक गाठ लागली तर तेवढ्यापुरता चालू करा.

मग दुकानदाराला विचारा, ‘ह्याचे कार्बन बेळगावात मिळतात का?’ हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि गिऱ्हाईक तोच विचारत नाही. मोटरीतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, झिजणारच, ते झिजण्यासाठीच असतात. माझ्या मेव्हण्यानं बाराशे रुपयांत बिननावाचं मशीन आणलं. आठ महिन्यांत कार्बन संपले, त्या मापाचे कुठं मिळेनात. दुसऱ्या मापाचे कानशीनं घासून बसवले, तर ठिणग्या उडून कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग, काळा पडला. मोटर चांगली होती हो, पण मशीन भंगारात गेलं.

उरलेले पैसे बिटांवर खर्च करा. पेटीत फुकट येणाऱ्या बिटांवर विसंबू नका. भिंतीसाठी टोकाला कार्बाइडचा तुकडा बसवलेलं 6 आणि 8 चं एकेक चांगलं बिट, लाकडासाठी मध्ये अणी असलेलं, लोखंडासाठी एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलचं. भिंतीचं बिट लाकडात घातलंत तर लाकूड जळाल्याचा वास येईल.

आता फळीचं. 8 च्या गिट्टीसाठी आधी 6 च्या बिटानं भोक पाडा, मग 8 चं हलक्या हातानं फिरवा. जेवढं खोल जायचं तिथं बिटाला चिकटपट्टी गुंडाळा. गिट्टी लांब घ्या, गिलाव्यातून पार जाऊन दगडात बसली पाहिजे, कारण नुसता गिलावा पुस्तकांचं ओझं धरत नाही. तरीही भोक सैल झालं, तर भुगा फुंकून काढा, पाणी शिंपडा, घट्ट कालवलेलं सिमेंट भरा आणि दोन-तीन दिवस वाळू देऊन तिथंच पुन्हा पाडा. पावसाळ्यात जांबोटीच्या भिंती ओल धरतात, त्यामुळं हे काम दिवाळीनंतर काढा.

स्विच बोर्डाच्या सरळ वर आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, आत वायर गेलेली असते. पदर खोचा, केस बांधा, डोळ्याला चष्मा लावा. हातमोजे मात्र नकोत, फिरतं बिट त्यांना धरून हात ओढतं.

प्रश्न : बॅटरीचं ड्रिल घेणं शहाणपणाचं का? शेतातल्या शेडवर लाईट नाही.
— वाचक, निपाणी

उत्तर : तुमच्यासाठी होय. पत्रे आवळणं, बिजागऱ्या, दाराच्या कड्या ह्याला 12 व्होल्टचं, दोन बॅटऱ्यांचं मशीन उत्तम चालतं. भिंतीची पंचवीस भोकं मात्र त्याच्याकडून काढून घेऊ नका. लिथियमची बॅटरी न वापरताही म्हातारी होते आणि नवी घ्यायला मशीनच्या निम्म्याच्या आसपास किंमत मोजावी लागते. उन्हाळ्यात ती पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, संध्याकाळी घरी न्या. महिना-दोन महिने काम नसेल तर अर्धी भरून ठेवा.

प्रश्न : भाड्याच्या घरात न्हाणीघराच्या टाईलवर आरसा लावायचाय. टाईल फुटली तर मालक डिपॉझिटमधून कापणार.
— वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : हॅमर बंद. भाल्याच्या टोकासारखं टाईलचं बिट आणा. खूण केलेल्या जागी कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे बिट घसरत नाही. अगदी हळू फिरवा, अंगाचा भार टाकू नका. तापलं की थांबा, प्लग काढा आणि नुसतं बिट पाण्यात टेकवून पुसून घ्या. टाईल पार झाली की भिंतीचं बिट लावा. टाईल व्हिट्रिफाईड, म्हणजे काचेसारखी टणक भाजलेली, असेल तर हे बिट लवकर बोथट होईल, तिथं हिऱ्याची कड असलेलं लागतं.

टाईल बहुतेक वेळा भोक पाडताना फुटतच नाही, स्क्रू आवळताना फुटते. गिट्टी तोंडाशी राहिली की फुगून टाईलला आतून फाकवते. म्हणून गिट्टी खिळ्यानं ठोकून टाईलच्या जाडीपलीकडे, विटेत सरकवा, मग स्क्रू लावा.