सांगलीत रात्री दाढ ठणकली तर सरकारी दवाखान्यात सोय होते का?

दाढ काढून मिळेल ही आशा रात्री तरी सोडा. आईला एकदा रात्री अकराला नेलं, तर दुखण्याची गोळी देऊन ‘सकाळी ओपीडीला या’ म्हणाले. सकाळी केसपेपरच्या रांगेत ती गालाला पदर लावून दीड तास उभी! दाढ त्याच दिवशी निघाली, रूट कॅनॉल म्हटलं असतं तर तारीखच मिळाली असती.

पण सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर सकाळची वाट बघू नका. पू पसरून श्वास अडकू शकतो. सांगली सिव्हिल किंवा मिरज मेडिकलच्या कॅज्युअल्टीत थेट जा, गाडी नसेल तर १०८. आणि अ‍ॅस्पिरिन दाढेत दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.