वालून म्हणजे माणूस की भाषा?

प्रश्न असा आलाय की बेल्जियमच्या वालोनियात राहतात ते वालून, मग त्यांची भाषापण वालूनच ना, आणि तिलाच आपण फ्रेंच म्हणतो का?

नाही हो. एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्यात म्हणून हा घोळ. वालून म्हणजे तिथला माणूस आणि वालून म्हणजे तिथली एक जुनी भाषा, पण गंमत अशी की आजच्या बहुतेक वालून माणसांना वालून बोलताच येत नाही, ते सरळ फ्रेंच बोलतात. 1914 च्या कायद्याने शाळा सक्तीची झाली, शाळा फ्रेंचमधून, वर्गात वालून बोललं की शिक्षा, मग पोरांचे हाल नकोत म्हणून आईबापच घरी फ्रेंच बोलायला लागले. अहिराणी घरात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि वालून म्हणजे बिघडलेली फ्रेंच, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. दोघी बहिणी आहेत. गायीला फ्रेंचमध्ये वाश, वालूनमध्ये वाच (चहातला च, चमच्यातला नाही). गाणं म्हणणे फ्रेंचमध्ये शांते, वालूनमध्ये चांते. जुन्या फ्रेंचमध्येही तो च च होता, पुढे पॅरिसकडे त्याचा श झाला, वालूनने मात्र तो टिकवला. आता सांगा बिघडलं कोण?

बरं, सगळा वालोनिया वालूनचाही नाही. तूर्ने, मॉन्सकडे पिकार्ड, आर्लोनकडे लक्झेंबर्गी, आणि पूर्वेला ऑयपेनच्या बाजूच्या 9 पालिकांत चक्क जर्मन, कारण तो पट्टा पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून बेल्जियमला मिळाला. प्रदेशाची लोकसंख्या साधारण 37 लाख, त्यात हे जर्मनवाले 80 हजारांच्या आसपास.

पण फ्रेंच नक्की किती आणि वालून किती, हा सरकारी आकडा शोधू नका. भाषेचा प्रश्न जनगणनेत शेवटचा विचारला 1947 मध्ये. त्या आकड्यांवरून गावं फ्रेंच आणि डच भागांमधल्या भाषिक सीमेच्या इकडून तिकडे जायची, भांडणं व्हायची, शेवटी 1961 मध्ये कायदा करून तो प्रश्नच काढून टाकला आणि नंतर सीमा कायमची आखली. आपल्याकडे बेळगाववरून जे चालू आहे ते बघता हा उपाय बरा की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

तिथली फ्रेंचपण अगदी पॅरिसची नाही बरं का. पॅरिसवाला 70 ला साठ-दहा आणि 90 ला चार-वीस-दहा म्हणतो, हे लोक सुटसुटीत सेप्तांत, नोनांत म्हणतात. 80 ला मात्र दोघंही चार-वीसच, म्हणजे आपल्या गावाकडचे म्हातारे चार ईसा म्हणायचे तसंच.

तेव्हा लिहिताना माणसाला नुसतं वालून म्हणा, भाषेला वालून भाषा, आणि ऑयपेनच्या माणसाला वालून म्हणण्याआधी जरा विचारून घ्या, त्यातल्या बऱ्याच जणांना ते आवडत नाही.